बाण न लावलेलं मशीन

तिला बाणवाली कुणी म्हणायला लागलं, ते आता सांगता येणार नाही. गिऱ्हाइकांपैकीच कुणीतरी असणार. नातेवाइकांकडे तिच्यासाठी वेगळी नावं होती आणि ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. "लोकांच्या अडगळीवर जगते," असं तिची नणंद चारचौघांत सांगायची. त्यावर बाणवालीचं उत्तर ठरलेलं असायचं, "हो, जगते. तुझ्या घरात तर अडगळच सोफ्यावर बसून टीव्ही बघते." नणंदेच्या नवऱ्याला हे उत्तर फारसं आवडत नसे.

धंदा साधा होता. घर बदलणारे, दुकान बंद करणारे, म्हाताऱ्या आईबापांच्या मागे त्यांची खोली आवरायला आलेली पोरं, अशांकडून ती वापरलेल्या वस्तू उचलायची, घरी आणून घासायची, नवऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायची आणि फोनवरच्या एका अ‍ॅपवर विकायची. टेबलफॅन, इस्त्र्या, मिक्सर, बाबागाड्या, शिलाई मशीनं, भिंतीवरची घड्याळं. तळमजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत संसार, बाहेरच्या खोलीत माल. कधी माल आत शिरायचा आणि संसार बाहेर यायचा. नवरा मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. त्याचं दुकान रस्ता रुंद करताना पाडलं, आणि त्याच वर्षी त्याचे गुडघेही गेले. तेव्हापासून खिडकीपाशी टेबल टाकून तो कुठलीही वस्तू उघडायचा, आणि बहुतेक वेळा पुन्हा बंदही करायचा.

आता बाणाचं. बाकीचे विकणारे काय करतात? वस्तूची चांगली बाजू पुढं आणतात, तडा गेलेली भिंतीकडे फिरवतात, जळक्या डागावर फुलदाणी ठेवतात. बाणवालीचं सगळं उलटं. तिचा पहिला फोटो खोटीचा. जिथं तडा तिथं बोटाच्या पेराएवढा लाल कागदी बाण चिकटवलेला, टोक नेमकं दोषावर. अख्खी वस्तू दुसऱ्या फोटोत. जी खोट डोळ्यांना दिसत नाही तीसुद्धा सुटायची नाही. पंखा तिसऱ्या नंबरवर कुरकुरत असेल तर बाण तिसऱ्या बटणावर. वर्णनातलं पहिलं वाक्य, "आधी खोट बघा. पटली तर वस्तू बघा. नाही पटली तर पुढं चला." दुसरं वाक्य, "घासाघीस केल्यास भाव वाढेल." लोकांना ती गंमत वाटायची. एका गृहस्थांनी इस्त्रीसाठी चार वेळा "शेवटचं सांगा" म्हणून विचारलं. चारही वेळा तिनं भाव चढवून सांगितला. पाचव्या वेळी त्यांनी मुकाट्यानं इस्त्री घेतली, पाच चांदण्या दिल्या आणि खाली शेरा लिहिला, "बाई तापट आहेत. इस्त्रीही चांगली तापते."

हे बाण कुठून आले, तेही सांगायला हवं. बावीस वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिलाईच्या रांगेच्या शेवटी उंच स्टूल, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर शर्टांचा ढीग. उसवलेली शिवण, तेलाचा ठिपका, वाकडी कॉलर दिसली की लाल बाण चिकटवायचा आणि शर्ट मागं पाठवायचा. माल निघायच्या दिवशी सुपरवायझर गोड आवाजात यायचा.

"आज जरा डोळे मिटून घ्या ना, ताई."

"डोळे मिटायला मला घरी पलंग आहे."

तीन वेळा तिला तिथून उठवून पॅकिंगला बसवलं आणि तीन वेळा परत आणलं, कारण तिच्या जागी बसवलेल्या बाईनं पास केलेला माल ट्रकच्या ट्रक भरून माघारी आला. पुढं कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं. कुणी कात्र्या, कुणी खुर्च्या, एकानं तर भिंतीवरचा आरसा. हिनं कपाटातून बाणांच्या गुंडाळ्यांचं खोकं काढलं आणि काखेत मारलं. गेटवर रखवालदारानं अडवलं, "काय नेताय?"

"माझं काम," म्हणाली आणि निघाली.

सहा वर्षांत अ‍ॅपवर तिच्या नावापुढं हजारावर चांदण्या जमल्या. चांदण्या म्हणजे तिथली पत. ज्याच्या चांदण्या जास्त त्याची वस्तू वर दिसते. नव्या माणसाची वस्तू इतकी खाली जाते की शोधायला दोर लावून उतरावं. थोडक्यात, ते खातं म्हणजेच तिचं दुकान होतं. घरात येणारा पैसा त्या एकाच दारातून आत येत होता.

आणि मग अ‍ॅपवाल्यांनी नियम बदलले.

पहिली ताकीद टेबलफॅनवर आली. "प्रिय विक्रेते, तुमचे मुख्य छायाचित्र आकर्षक नाही. छायाचित्रावर खुणा, बाण किंवा मजकूर चालणार नाही." फॅन यादीतून उडाला. तिनं तोच फोटो, तोच बाण पुन्हा टाकला. तिसऱ्या दिवशी दुसरी ताकीद. तिसऱ्या ताकिदीला खातं कायमचं बंद, हे त्याच पत्रात ठळक अक्षरांत लिहिलेलं. आकर्षक अक्षरांत म्हणा.

तिनं मदत केंद्राला फोन लावला. पंचवीस मिनिटं नुसतं संगीत ऐकवलं, मग एक मुलगी आली.

"बोला मॅडम, मी आपली काय मदत करू?"

"माझा बाण का काढलात ते सांग."

"मॅडम, मुख्य फोटो आकर्षक हवा."

"फॅनची जाळी वाकलीय, बाई. तिला आकर्षक कशी करू? पावडर लावू?"

"मॅडम, दोष तुम्ही खाली वर्णनात लिहू शकता ना."

"खाली कोण वाचतं?"

मग मुलगी हळूच म्हणाली, "कुणी नाही, मॅडम."

"मग?"

"मॅडम, हे बोलणं रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे. तुझ्या साहेबाला जेवताना लाव. म्हणावं, घशाखाली उतरत असेल तर उतरव."

तिनं फोन ठेवला तेव्हा भाची दारात चपला काढत होती. ही तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, दातांच्या डॉक्टरकडे नोंदणीच्या टेबलावर कामाला, राहायला मावशीकडे. सहा वर्षांपूर्वी खातं उघडून दिलं ते तिनंच. सगळी कहाणी ऐकून ती म्हणाली, "मावशी, खोटं बोल असं कोण सांगतंय? नुसती जागा बदल. बाण काढ, खोट खाली लिही. आमचे डॉक्टर तरी आधी पकड दाखवतात का? आधी 'बसा' म्हणतात."

"आणि माणूस बसला की पकड काढतात. तेच करू म्हणतेस?"

नवऱ्यानं डोळ्यावरचं भिंग वर केलं. "अगं, ऐक तिचं. खातं गेलं तर विकायचं काय आपण? मला?"

"तुम्हाला विकायला काढलं तर खोकं रिकामं होईल बाणांचं."

तिघंही हसले. घरभाड्याचं कुणी बोललं नाही, नवऱ्याच्या गुडघ्यांचं कुणी बोललं नाही, तरी दोन्ही गोष्टी तिथं येऊन बसल्यासारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्रेचाळीस वस्तूंवरचे बाण सोलून काढले. मागं राहिलेला डिंक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. दहा ते अकरा या वेळात खिडकीतून ऊन सरळ आत येतं. त्या उजेडात चार दिवस खपून तिनं सगळ्यांचे नवे, गोंडस फोटो काढले. खोटी खाली लिहिल्या, एकही न गाळता. पाचवी ओळ, सहावी ओळ, सातवी ओळ.

माल सुटला! इतकी वर्षं पडून राहिलेली बाबागाडी दोन तासांत गेली. नवरा खूश, भाची खूश. बाणवाली सुरुवातीला प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून विचारायची, "खालची ओळ वाचलीत ना?" बहुतेक जण "हो हो" म्हणायचे, आणि न वाचलेल्या माणसाचं "हो हो" कसं वाजतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. मग विक्री वाढली, खोकी बांधायलाच दिवस पुरेना, आणि फोन मागं पडले.

असाच एक फोन शिंपीमास्तरांना करायचा राहिला. मास्तर पाच वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्या दुकानातली निम्मी हत्यारं बाणवालीकडूनच गेलेली. या वेळी त्यांनी ओव्हरलॉक घेतलं, म्हणजे कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधून देणारं मशीन. दिसायला नवं कोरं, पण अर्धा तास पळालं की त्याची मोटर तापायची. नवऱ्यानं तपासून सांगितलं होतं, "मधेमधे थांबवलं तर घरगुती कामाला झकास. दुकानात देऊ नको." तिनं सातव्या ओळीत तसं लिहिलं होतं. फोन करायचं तिच्या मनात आलंही होतं. म्हटलं, मास्तर माहितीतले आहेत, वाचलं असेल.

सहाव्या दिवशी मास्तर स्कूटरच्या मागच्या सीटवर मशीन दोरीनं बांधून आले. एकट्यानं सोडलं, एकट्यानं उचलून आत आणलं आणि तिच्या पायाशी ठेवलं.

"घ्या बाई, तुमचं तुम्हाला."

"काय झालं, मास्तर?"

"हॉटेलचे चाळीस पडदे होते. सव्वीस झाले. सत्ताविसाव्याला धूर निघाला. पडद्यावर हा एवढा काळा डाग. हॉटेल परवा उघडतंय. मालकाला काय सांगू, खिडकीच जळकी होती म्हणून?"

"खाली लिहिलं होतं, मास्तर. सातवी ओळ. मोटर तापते म्हणून."

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शर्टाचा ट्रक माघारी आला की सुपरवायझर याच आवाजात म्हणायचा, कागदावर तर सगळं बरोबर आहे.

मास्तर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. भांडणात ती कुणाला हार गेलेली नव्हती. ते नुसते म्हणाले, "बाई, मी ओळी वाचत नाही. दुसऱ्या कुणाकडून घेतलं असतं तर अर्धा दिवस उघडून बसलो असतो, चालवून बघितलं असतं. तुमच्याकडचं होतं म्हणून नाही बघितलं. फोटो उघडला, बाण नव्हता. बायकोला म्हटलं, अगं, पहिल्यांदाच बिनबाणाचं आलंय, उचल आधी."

नवरा टेबलाकडून म्हणाला, "मास्तर, पैसे परत घेऊन जा."

"पैशांनी कडा बांधता येतात का?"

बाणवालीच्या कानशिलांतून जाळ निघत होता, आणि या खेपेला तो दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती. दुसऱ्या कुणाच्या फोटोवर बाण नसणं म्हणजे काहीच नसणं. तिच्या फोटोवर बाण नसणं म्हणजे तिची सही. अशा त्रेचाळीस सह्या तिनं चार सकाळींत ठोकल्या होत्या. आणि कुणासाठी? सुपरवायझर निदान समोर उभा राहून सांगायचा, त्याला तोंडावर सुनावता यायचं. इथं तिनं डोळे मिटले ते एका पत्रासाठी, ज्याच्या खाली कुणाचं नावही नव्हतं.

ती उठली. मालाच्या कोपऱ्यात दुसरं एक ओव्हरलॉक होतं. रंगाचे पोपडे निघालेले, एका पायाखाली लाकडाची चीप, सहा महिने त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. बाण काढून टाकलेल्या जागा त्यावर अजून ओळखू येत होत्या.

"हे घ्या. खोटी तीन. रंग गेलाय, हलतं, आणि आवाज असा करतं की शेजारी भांडायला येतील. पण दिवसभर पळालं तरी तापत नाही."

"आणि दोन दिवसांत चौदा पडदे कोण बांधणार? बायको अंथरुणाला खिळलीय तापानं."

"मी."

"तुम्ही चालवता?"

"बावीस वर्षं काय मी कारखान्यात झोपा काढायला जात होते?"

दोन दिवस ती मास्तरांच्या दुकानात बसली. डाग पडलेल्या पडद्याचं कापड पुन्हा कापून घेतलं, चौदाही पडदे बांधले. तेवढ्यावर थांबती तर ती बाणवाली कसली? आधी झालेल्या सव्वीसांचीही तिनं तपासणी केली, आणि मास्तर बाहेरून येतात तर दोन पडद्यांवर लाल बाण.

"बाई! ते माझ्या हातचे आहेत!"

"असतील. वाकडे आहेत."

"हॉटेलात लोक झोपायला येतात, पडद्याची कड बघायला नाही येत!"

"एखादा उताणा पडून बघणारा निघाला तर?"

मास्तरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, पण उसवून परत शिवले. पडदे वेळेत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत ऊन आलं तेव्हा बाणांचं खोकं टेबलावर होतं. पण तिनं आधी फोन हातात घेतला. बाण काढल्यापासून एकवीस दिवसांत एकोणीस जणांनी माल नेला होता. मास्तर सोडून अठरा. एकेकाला फोन करून तिनं खोट सांगितली, आणि नको असेल तर वस्तू परत आणा म्हणाली. चौघांनी आणल्या. बाबागाडीवाली बाई तर फोनवरच म्हणाली, "तरीच! मला वाटलंच, बाण कसा नाही." नवरा परत आलेल्या मिक्सरकडे बघून सुस्कारे टाकत होता.

"टाका सुस्कारे. पण हात चालू ठेवा," ती म्हणाली.

मग उरलेल्या वस्तूंच्या एकेका खोटीवर बाण चढायला लागले. भाची कामावर निघाली होती, ती दारातच थबकली.

"मावशी, तिसरी ताकीद येईल."

"माहितेय."

"हजार चांदण्या आहेत गं! सहा वर्षं!"

"त्या बाणानं मिळवल्या होत्या. बाण काढून मी उधळल्या. आता ज्या दिसतायत त्या नुसत्या चित्रातल्या."

"मग निदान माझ्या नावावर दुसरं खातं काढू. त्यांच्या नियमानं."

"म्हणजे या खेपेला तुझे डोळे मिटायचे? तू जा कामावर. आणि जायच्या आधी माझा एक फोटो काढ."

"तुझा?"

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, उन्हात ठेवलं आणि वर बसली. नवऱ्याला म्हणाली, "एक बाण द्या." गुंडाळीतून बाण काढून तो उभा राहिला.

"कुठं लावू?"

तिनं उजवा हात पुढं केला. ज्या हातानं त्रेचाळीस वस्तूंवरचे बाण सोलले होते तो.

त्या दिवशी अ‍ॅपवर तिच्या मालाच्या यादीत चाळिसेक लाल बाण उगवले, आणि सगळ्यांत वर एक नवी वस्तू. फोटोत स्टुलावर बसलेली, कॅमेऱ्याकडे भांडायला निघाल्यासारखं बघणारी एक बाई, हाताच्या पंजावर बाण. खाली लिहिलं होतं, "विक्रेती. वापर अठ्ठावन्न वर्षं. खोट : ताकीद आली म्हणून एकवीस दिवस बाण काढून ठेवले. ही खोट दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःची आहे. पुन्हा होणार नाही. विक्रीला नाही." त्याखाली घरचा पत्ता आणि फोन नंबर. तेही नियमाविरुद्धच होतं. आता एक काय नि दोन काय.

चाळीस मिनिटं ते पान उघडं राहिलं. मग तिसरी ताकीद आली आणि तिच्याबरोबरच दार बंद. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, "आम्ही आपल्या भावना समजतो." ती म्हणाली, "यांना फोटो समजत नाही, भावना कुठून समजणार?"

पुढचे दोन महिने ओढाताणीचे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. विक्री निम्म्यावर आली. चाळीस मिनिटांत ज्यांनी नंबर उतरवून घेतला ते साठेक लोक, एवढंच काय ते दुकान उरलं. ती त्यांनाच फोनवर फोटो पाठवते, पहिला खोटीचा, दुसरा वस्तूचा. ते आणखी कुणाला पाठवतात. खिडकीच्या काचेवर भाचीनं हातभर लांबीचा लाल बाण रंगवून दिलाय, तो बघून रस्त्यावरचे काही जण आत डोकावतात. नणंद मुद्दाम वाट वाकडी करून विचारायला आली, "बंद पडलं म्हणे तुझं?"

"त्यांचं दुकान मला बंद झालं. माझं चालू आहे. तुला काय दाखवू? सोफा बदलायचाय का?"

गेल्या आठवड्यात मास्तर आले. त्यांना वाफेची इस्त्री हवी होती. तिनं फळीवरून उतरवून पुढं ठेवली.

"बाण किती?"

"दोन. मूठ सैल आहे, आणि वाफेचं एक भोक बुजलंय."

मास्तरांनी इस्त्री तशीच पिशवीत टाकायला घेतली. तिनं हात धरला.

"चालवून बघा."

"कशाला? सांगितलंत ना."

"चालवून बघा, मास्तर. एकदा चुकलेली बाई आहे मी."

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली, खिशातून चष्मा काढला, इस्त्री उलटीसुलटी केली, वायर बोटांतून सरकवत प्लगापर्यंत नेली आणि तिथं थांबले. प्लगाच्या मुळाशी वायरच्या वेष्टनाला केसाएवढी चीर होती. त्यांनी ती वाकवून दाखवली. बाणवालीनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं बघत होता.

मास्तरांनी तिच्यापुढं तळहात पसरला. "द्या."

तिनं गुंडाळीतून एक बाण सोडवून त्यांच्या बोटावर ठेवला. मास्तरांनी जीभ दातांत धरून, काजाचं भोक पाडावं इतक्या बेतानं तो चिरेवर चिकटवला आणि मान मागं घेऊन आपलं काम निरखलं.

"झाले तीन," ते म्हणाले. "आता भाव कमी करणार का?"

"वायर बदलून देते, आत्ता, तुमच्यासमोर. भाव तोच." तिनं पक्कड नवऱ्यापुढं सरकवली. "आणि पुन्हा विचारलंत तर वाढेल."